मास्तरांचा गौरव करताना गोणपाट विसरावे का?

धागाकर्ता:
आमच्या तालुक्याच्या गावातील मराठी शाळा १८६० च्या दशकात सुरू झाली. तिच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले आणि पहिल्याच बैठकीत वाद झाला. पहिला विभाग एकोणिसाव्या शतकातील मास्तरांना द्यावा, असे मी सुचवले. त्यावर एका तरुण सभासदाने विचारले, "ज्यांनी निम्मे गाव उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांचा गौरव कशासाठी?" प्रश्न मनाला लागला, म्हणून माझी बाजू येथे मांडतो आणि विरोधी मत मागवतो.

त्या काळी एकाच खोलीत तीन-चार इयत्ता बसत. एका कोपऱ्यात धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी मुले, दुसरीकडे बोरूने मोडीचा कित्ता काढणारी, आणि दिवेलागणीला पावकी, निमकीपासून औटकीपर्यंतच्या अपूर्णांकांच्या पाढ्यांचा सगळ्यांचा एका सुरात परवचा. शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे सरकारी डेप्युटी इन्स्पेक्टर, यायचे ठरले की मास्तरांची झोप उडे, कारण मुलांच्या उत्तरांवर त्यांची नोकरी तोलली जाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांत या माणसांनी मुलांच्या मनात शिकण्याची केवढी ओढ निर्माण केली, हे पाहायचे असेल तर मुरूडकडे पाहावे. दापोली तालुक्यातील या लहानशा गावात सोमण गुरुजींच्या हाताखाली शिकलेले धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्याला निघाले. पावसाळ्याचे दिवस, मध्ये सह्याद्री, चार दिवसांची वाट. परीक्षेला लागणारी वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली होती, पण अंगकाठी लहान असल्यामुळे ते तेवढ्या वयाचे वाटत नाहीत, असे म्हणून परीक्षा समितीने त्यांना परत पाठवले. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. सरकारी हुकमाने कोणी असा घाट चढत नाही. त्यामागे शाळेने लावलेली गोडी असते, आणि ती लावणाऱ्या मास्तरांना स्मरणिकेत मानाचे पहिले पान मिळावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद १:
कर्व्यांची पायपीट वाचून कोणाचेही मन भरून येईल, माझेही आले. परंतु आपण दिलेल्या उदाहरणातच माझा आक्षेप दडलेला आहे. त्या मुलाला वयाच्या कारणावरून नाकारले गेले, आणि वय ही अशी अडचण आहे की एक वर्ष थांबले की ती आपोआप दूर होते. आता त्याच साताऱ्यात पंचवीस वर्षांनी काय घडले ते पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागले. या मुलाला वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज घोटभरही मिळत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. ही अडचण किती वर्षे थांबल्यावर संपणार होती?

आणि हा मुलगा निदान वर्गात तरी होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली, तेव्हा एकट्या मुलासाठी प्रवेशाची सक्ती केली तर इतर मुले निघून जातील आणि शाळेचा उपयोगच राहणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याच्या पदरी पडले. म्हणजे शाळा कोणाची, हे आत बसलेल्यांनी ठरवायचे आणि सरकारने मान डोलवायची! जोतीराव फुले यांनी १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमका हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. गावच्या शाळेसाठी शेतसाऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी भरणाऱ्या कुणब्याचा पोरगा गुरांमागे, आणि आपण मास्तरांना मानाचे पान देणार, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २:
मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, त्यामुळे मास्तरांच्या बाजूने थोडे बोलते. प्रतिसाद १ मधील एकही गोष्ट मी नाकारणार नाही. पण फुल्यांचे निवेदन पुढेही वाचावे. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, अशी मागणी केली आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मोडी-बालबोध वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे, आणि तपासनिसाने वर्षातून एकदा नव्हे तर निदान तीन महिन्यांनी यावे, शिवाय कधी कधी आगाऊ न कळवता यावे, असेही त्यांचे म्हणणे होते. ज्याला मास्तर मुळातच नकोसे असतील, तो त्यांच्या पगाराची इतकी काळजी कशाला करील? फुल्यांना शाळा मोडायची नव्हती, सुधारायची होती.

साताऱ्याचीच आणखी एक गोष्ट आहे. त्या शाळेतील एक ब्राह्मण शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी आपल्याला देत, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितली आहे. ती भाकरीही त्याच शाळेच्या इतिहासाचा भाग आहे. तिचे काय करायचे?

प्रतिसाद १ यांचे उत्तर:
तिची नोंद अवश्य करावी, मोठ्या अक्षरात करावी. परंतु भाकरी देणाऱ्या गुरुजींनाही वर्गातील गोणपाट उचलता आले नाही, हे त्याच परिच्छेदात यायला हवे. एक माणूस चांगला निघाला म्हणून नियम चांगला ठरत नाही.

प्रतिसाद ३:
आपण सर्वजण सरकारी शाळेपासूनच सुरुवात का करता? एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबई इलाख्यातील गावठी शाळांची जी पाहणी सुरू झाली, तिच्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी आढळले होते. या गावठी शाळेचा मास्तर म्हणजे पंतोजी गावाचा होता, गावाने दिलेल्या धान्यावर आणि चार पैशांवर जगत होता, आणि त्याने शिकवलेला हिशेब बाजारात दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत होता. दिपोटीच्या धाकाखालील शाळेला ती जवळीक कधीच साधली नाही.

प्रतिसाद २ यांचे उत्तर:
पंतोजीचा तोंडचा हिशेब पक्का होता, हे मान्य. पण त्याच्यापुढे मुलगी बसल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. छापील पुस्तक नाही, नकाशा नाही, आणि चुकल्यास छडी ठरलेली. सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेल्यावर धारवाडच्या मुलाला निदान वर अर्ज करता आला. पंतोजीने नकार दिला असता, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

धागाकर्ता:
सर्वांचे प्रतिसाद वाचून काल शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने सर्वांत जुने रजिस्टर पुन्हा उघडले. कडा कसरीने खाल्लेल्या आहेत, शाई तपकिरी झाली आहे, पण मोडी अक्षर अजून सुरेख वाचता येते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी मुलांच्या नावांत पुढे मोठे झालेले कोण, एवढेच शोधत होतो. या वेळी जातीचा रकाना आणि बापाच्या धंद्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. पाने उलटत गेलो तरी भिक्षुकी, कुळकर्ण, सावकारी, दुकानदारी एवढेच. कुणब्यांची मोजकी नावे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांपुढे दोन-अडीच वर्षांच्या आत नाव कमी केल्याची नोंद आहे. महारवाड्यातील नाव मला एकही सापडले नाही. ज्या हाताने ते सुरेख मोडी अक्षर काढले, त्याच हाताने हे रकाने भरले आहेत.

मास्तरांचा विभाग मी काढणार नाही, कारण मुरूडच्या शाळेने जे केले ते आमच्याही शाळेने थोड्याफार प्रमाणात केले असणार, असा माझा विश्वास कायम आहे. मात्र प्रतिसाद १ यांचे म्हणणे मला पटले आहे, आणि त्या विभागाच्या समोरच्या पानावर या रजिस्टराच्या एका पानाचे छायाचित्र जातीच्या व धंद्याच्या रकान्यांसह छापावे, असा प्रस्ताव मी रविवारच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल. तरुण सभासदाला आधीच फोन करून ठेवला आहे.