शॉर्ट हेअर ओले कापू की सुके? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मालवणला घरातच छोटं पार्लर चालवते, आतापर्यंत सगळं ओल्या केसांवरच कापत आले, स्प्रे मारायचा, भांग पाडून सेक्शन घ्यायचे आणि कात्री. बॉबची खालची रेघ ओल्यात मस्त सरळ येते, त्यात काय वाद नाही. पण परवा एका ताईंचे कुरळे केस मानेपर्यंत कापले आणि सुकल्यावर बघते तर थेट कानाच्या पाळीला 😭 ओला केस ताणला जातो हे माहितीय हो, पण इतकं?? त्यात आपल्याकडची ही दमट हवा, पावसात तर केस आणखीनच फुगतात.
आता पिक्सी (एकदम आखूड, मुलांसारखा कट) करायला एक मुलगी येतेय, मागे डोक्यावर दोन भोवरे. मला वाटतं आधी ओल्यात थोडं लांब ठेवून शेप द्यावा, मग ड्रायरने सुकवून भोवऱ्याजवळचं सुक्यातच थोडं थोडं कात्रीच्या टोकाने कापावं. बरोबर आहे का? आणि कुरळ्यांना पाणी लावूच नये का? थिनिंग कात्री (दाट केस विरळ करायची दातेरी कात्री) सुक्यातच वापरता ना? कोणी रोज करत असेल तर सांगा प्लीज, शनिवारी येतेय ती.