डाकीण ठरवून मावशींना पाडा सोडायला लावताहेत, पोलिसात जावं का?

गुरजी_अमळनेर
राम राम मंडळी. मी मूळचा अमळनेरचा, तीन वर्षं झाली धडगाव तालुक्यात एका पाड्यावर शाळेत आहे. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी आहेत, विधवा, मूलबाळ नाही, दीड-दोन एकर डोंगरउताराची जमीन. दिवाळीनंतर शेजारचं एक लेकरू तापाने गेलं, भगताने सुपात दाणे टाकून पाहिले आणि नाव आलं मावशींचं. दुसऱ्या दिवशी पोरं ताटल्या घेऊन आली आणि नुसती बसून राहिली, एकानेपण घास घेतला नाही, मी विचारलं तर एक पोरगी हळूच म्हणे आईने सांगितलंय तिच्या हातचं खाऊ नको. मग हापशावर पाणी भरायला मनाई झाली, कोंबड्या उचलून नेल्या आणि परवा पंच बसले, त्यांनी सांगितलं तीस हजार आणि एक बोकड दे नाहीतर पाडा सोड. मी मध्ये बोललो तर म्हणे गुरजी गावाचं गावात मिटतंय तुम्ही पोरं शिकवा. मला पुढेपण इथंच नोकरी करायची आहे हे खरं, पण झोप लागत नाही. पोलिसात गेलं तर नक्की होतं काय? कोणता कायदा लागतो? इथं रेंज फक्त वरच्या टेकडीवर येते म्हणून रिप्लाय उशिरा देईन.

काळाकोट_शहादा
सर, आधी हे डोक्यातून काढा की तक्रार फक्त मावशींनीच द्यायला पाहिजे, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीपण देऊ शकतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, दाभोलकरांचा खून झाल्यावर आला तो, त्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचं जगणं मुश्किल करणं हा सरळ गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुसता भगत नाही, त्याला साथ देणारेपण त्यात येतात. पाणी बंद केलं, गाव सोडायला सांगितलं, त्यासाठी सामाजिक बहिष्काराचा 2016 चा कायदा वेगळा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अॅट्रॉसिटी लागणार नाही, पुष्कळ जण तिथंच फसतात, कारण आरोपीपण आदिवासीच आहेत.
जवळच्या ठाण्यात घेत नसतील तर कुठल्यापण ठाण्यात झिरो एफआयआर होते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि तरीपण टाळाटाळ केली तर सगळं लिहून एसपींना पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, त्यापुढे मॅजिस्ट्रेट. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. वकिलाला पैसे नाहीत हे कारण सांगू नका, बाई आणि आदिवासी, दोन्हीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता, 15100 ला फोन करा. आणि आज रात्रीच मारहाणीची भीती असेल तर कायदा नंतर, आधी 112.

डोंगऱ्या
मी पावरा आदिवासीच आहे, अक्राणीतलाच म्हणजे धडगावकडचाच, म्हणून थोडं लांब लिहितो. काळाकोट भाऊंनी लिहिलं ते सगळं बरोबर, पण आमच्याकडे लोक पंचात का जातात तेपण समजून घ्या. पोरगी पळून गेली, बांधाचं भांडण झालं, देजाचे, म्हणजे लग्नात मुलीच्या बापाला द्यायचे, पैसे अडकले, तर झगडा एका दिवसात तुटतो, आपल्या बोलीत बोलता येतं, बोकड कापतात आणि दोन्ही पार्ट्या एकाच पंगतीला जेवतात. ठाण्यात गेलं की अर्धा दिवस जीपची वाट, मग साहेब मराठीत विचारणार, म्हातारी पावरीत सांगणार, आणि मधला कोणीतरी त्याला पाहिजे तेवढंच लिहून घेणार. माझ्या आजोबांनी पंचात बसून चांगले न्याय केलेत, त्याची मला लाज नाही.
पण डाकीण हा झगडा नाहीच. मी लहानपणापासून तीन प्रकरणं बघितली, तिन्ही वेळा बाई एकटी आणि तिच्या नावावर जमीन. गुरजी, जमीन कोणाच्या बांधाला लागून आहे तेवढं बघा, दाणे कोणी टाकायला लावले ते आपोआप कळेल.
दुसरं म्हणजे टाइम. अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो तो होळीलाच परत येतो. समन्स निघतं तेव्हा घराला कुलूप आणि साक्षीदार बारडोलीकडे फडात, आणि परत येतो तेव्हा त्याला काहीच आठवत नाही, म्हणजे आठवू देत नाहीत. म्हणून जो बोलायला तयार आहे त्याचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढे होईल का ते आत्ताच विचारून घ्या. आणि मावशींना विचारल्याशिवाय काहीपण करू नका, तुमची बदली होईल, त्यांना तिथंच राहायचंय.

केळीवाला_रावेर
एवढं सगळं वाचून एकच वाटतं, शिक्षण नाही तर हेच होणार, डोंगरातले लोक अजून त्याच काळात आहेत.

साक्रीकर
केळीवाले भाऊ, 1 जुलै 2018 विसरले का? राईनपाडा, आमच्या साक्री तालुक्यात. डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, बाजाराच्या दिवशी पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली. ती अफवा कुठल्या भगताने नाही उठवली, व्हॉट्सअॅपवर फिरत होती आणि पुढे ढकलणारे शिकलेलेच होते. धडगाव म्हटलं की तुम्हाला डाकीण आठवते, मला 2022 चा तो बाप आठवतो ज्याने मुलीचं प्रेत मिठात पुरून ठेवलं, 44 दिवस, दुसऱ्यांदा पोस्टमॉर्टम व्हावं म्हणून, आणि ते झालं मुंबईला जेजेत. त्याला कोणत्या काळातला म्हणायचं? त्याला तपासच पाहिजे होता ना भो.
गुरजी, अंनिसवाल्यांना गाठा, ते पाड्यावर येऊन बसतात, बोलतात, नुसतं भाषण देऊन जात नाहीत. पोलीस पाटलालापण आधी लेखी द्या, मग त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

गुरजी_अमळनेर
आत्ता टेकडीवर आलोय, सगळ्यांना धन्यवाद. डोंगऱ्या भाऊ, तुमचं बरोबर निघालं, बांध त्या लेकराच्या चुलत्याचा आहे, आणि भगताला बोलवायला तोच गेला होता. पोलीस पाटलाला अर्ज दिला, त्याने घेतला पण पोचवर सही करताना दोनदा इकडेतिकडे बघितलं. मावशी सध्या बहिणीकडे आहेत, काल तिथं जाऊन आलो. आधी नाहीच म्हणत होत्या, मग चहा झाल्यावर म्हणाल्या लिहा. सोमवारी ठाण्यात जातोय, त्यांची भाची येतेय बोली सांगायला, बारावी झालेली आहे, ती लिहिलेलं वाचूनपण बघेल. मावशींनी मला एकच विचारलं, सात कोंबड्या होत्या, एक अंड्यावर बसलेली होती, गुन्हा लागला तर त्या परत मिळतील का. तक्रारीत कोंबड्या लिहायच्या का वकीलसाहेब, आणि लिहायच्या तर कशा?

काळाकोट_शहादा
लिहा. सात कोंबड्या, रंग, अंदाजे किंमत, कोणी नेल्या आणि कोणासमोर. अंड्यावरचीपण लिहा.