मदत हवी आहे: बाबांचा सीएमएल, सहाव्या महिन्याचा रिपोर्ट आणि कार-टी

नमस्कार, इंदूरहून लिहितेय. बाबा ६१ वर्षांचे, मार्चमध्ये साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार निघाल्या, मग स्प्लीन वाढलेली, मग बोन मॅरो, आणि सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया). ब्लड कॅन्सर म्हटलं की आमच्याकडे सगळे एकच समजतात, पण डॉक्टर म्हणाले मुलांमध्ये जास्त दिसतो तो एएलएल वेगळा, एएमएल वेगळा, हा हळू चालणारा, ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन होतो, रोज एक गोळी घ्यायची, इमॅटिनिब ४००, जेवणाबरोबर.

बीसीआर-एबीएल, म्हणजे त्या अदलाबदलीतून तयार झालेला बिघडलेला जीन, त्याचं रक्तातलं प्रमाण तिसऱ्या महिन्यात ९ टक्के होतं, सहाव्यात ४. उतरतंय, पण १ च्या आत यायला हवं होतं म्हणे. मामा म्हणतात गोळी बदला, आत्याने कात्रण पाठवलंय की आयआयटी मुंबईची नवी कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात तो उपचार), नेक्सकार१९, तिकडेच न्या. पुढच्या ओपीडीत नक्की काय विचारू?

बडोदेकर_काका: ताई, मी स्वतः सीएमएलवाला, ११ वर्षं गोळीवर. नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) त्यांच्यावरचं सीडी१९ नावाचं प्रोटीन ओळखून मारते, म्हणजे बी-सेल एएलएल नि लिम्फोमावाल्यांसाठी. आपला आजार मायलॉइड, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पेशींचा, तिथे तिचं काम नाही, आत्याबाईंना सांगून टाका. आपल्या कामाच्या गोळ्या म्हणजे डॅसाटिनिब, निलोटिनिब, आणि अलीकडची ॲसिमिनिब, ती त्याच बीसीआर-एबीएलच्या प्रोटीनला दुसऱ्या जागी पकडते. म्युटेशन टेस्टचं विचारा, त्या जीनमध्ये आणखी बदल झालाय का ते कळतं, टी३१५आय नावाचा बदल निघाला तर पहिल्या दोन्ही चालत नाहीत. पण त्याआधी बाबांच्या गोळ्या मोजा. विचारू नका, मोजा.

इंदूरची_लेक: मोजल्या 🙈 देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, अष्टगंधाच्या डबीत, २४ गोळ्या. गुरुवारचा उपास! रिकाम्या पोटी घेऊ नका सांगितलं होतं म्हणून गुरुवारी घेतच नव्हते, आणि महाग औषध फेकवत पण नव्हतं.

बडोदेकर_काका: आठवड्याला एक म्हणजे सातवा हिस्सा गेला की हो! साबुदाण्याची खिचडीपण जेवणच, तिच्यावर घ्यायची, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, डॉक्टरांना विचारून. साठलेल्या एकदम घेऊ देऊ नका. आणि २४ चा आकडा डॉक्टरांना सांगाच, नाहीतर दोष गोळीवर जाईल.

इंदूरची_लेक: मंगळवारी ओपीडी आहे. डबी पर्समध्ये टाकलीये, बाबांना अजून सांगितलं नाहीये.