उपकरप्राप्त चाळ सरकार घेऊ शकते का?

गिरगावकर
आमच्या वडिलोपार्जित उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) चाळीत चौदा भाडेकरू असून खोलीमागे सरासरी भाडे महिना दीडशे रुपये येते. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर सरकारला खाजगी मालमत्ता घेताच येत नाही, असे आमचे काका ठामपणे सांगतात. मग म्हाडा अधिनियमातील आठ-अ प्रकरणाची, म्हणजे रहिवाशांच्या संस्थेसाठी अशी इमारत संपादित करण्याच्या तरतुदीची, धास्ती सोडून द्यावी का?

कलमवाला
काकांनी मथळाच वाचलेला दिसतो. साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खाजगी मालमत्ता येते का, हा मुख्य प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे होता. ती येते, हे न्या. कृष्ण अय्यर यांचे १९७७ मधील व्यापक मत बहुमताने नाकारले. मात्र मालमत्तेचे स्वरूप, दुर्मिळता आणि समाजावरील परिणाम पाहता काही खाजगी मालमत्ता त्यात येऊ शकतात, हेही सांगितले. भूसंपादनाचा अधिकार मुळात त्या अनुच्छेदातून येत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तो अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला : कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही. कायदा असेल, तर घेता येते. शिवाय आठ-अ वैध की अवैध, हे त्या पीठाने ठरवलेलेच नाही.

टेकूवरचा भाडेकरू
मालकांच्या चर्चेत आमची बाजू राहून जाते, म्हणून लिहितो. दुरुस्ती उपकर आम्हीही भरतो आणि जिना तरीही लाकडी टेकूंवर उभा आहे. ७० टक्के रहिवाशांनी संस्थेमार्फत मागणी केल्यास इमारत संपादित करता येते, ही तरतूद १९८६ साली उगीच आली नाही.

गिरगावकर
तुमचे दुःख मान्य आहे. पण मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट, म्हणजे आमच्या अख्ख्या चाळीचे २,१०,००० रुपये! २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम मिळते.

कलमवाला
खरा वाद इथेच आहे. आठ-अ हे ३९(ख) साठी केले, असे अधिनियमातच म्हटले आहे. त्यामुळे अनुच्छेद ३१-क (इंग्रजीत 31C) चे कवच मिळते आणि समानतेच्या हक्काच्या आधारे त्याला आव्हान देणे अवघड होते. २०२४ च्या निकालाने ते कवच पातळ झाले आहे, गेलेले नाही. आठ-अ च्या वैधतेवर नियमित पीठाचा निर्णय येईपर्यंत तरतूद लागूच आहे, तेव्हा काकांच्या भरवशावर न राहता भाडेकरूंनी संस्था स्थापण्याची तयारी चालवली आहे का, याची चौकशी आधी करा.