पद्मिनी घ्यायची, पण फियाटची पद्मिनी झाली कशी?

भावांनो, कोल्हापुरात राजारामपुरीत एक जुनी पद्मिनी गाडी विकायला आलीय, मालक म्हणतो फियाटच हाय, आरसीवर मात्र प्रीमियर. नक्की भानगड काय?

रंकाळाकर: दोघंबी खरं. मूळ इटलीची फियाट ११००, आपल्याकडं प्रीमियर कंपनीनं मुंबईत कुर्ल्यात बनवली. आधीच्या मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणायचे, तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे बघ, मग १९६४ ला ११०० डी आली आणि तीच पुढं १९७४ पासनं पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीच, बॉडी जवळजवळ तीच, नुसतं नाव आणि पुढची जाळी बदलून पंचवीसेक वर्षं खपवली की राव!

लेथवाला: बाकी सोड, गिअर टाकून बघ. दांडा स्टेअरिंगजवळ, खालनं दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या लिंकेजचे बुश (सांध्यातल्या नळ्या) झिजले की दुसरा टाकायला जातोस आणि रिव्हर्सकडं हुडकत बसतोस. बुश उद्यमनगरात लेथवर टर्न करून मिळतात, त्याचं टेन्शन नको. पद्मिनीच्या शेवटच्या एस वन मॉडेलला गिअरचा दांडा खाली आला पण मला नाय आवडत, पद्मिनी म्हणजे दांडा वरच पायजे.

रंकाळाकर: आणि मॅट उचलून पत्रा बघ, आपल्या पावसात तळ कुजतोय.

प्रश्नकर्ता: बघतो. डिझेल बसवलेली असली तर?

लेथवाला: मग नगं.