डायग्राम वेगळा, चालती सिस्टीम वेगळी
कुणी कुणी म्हणतं की सॉफ्टवेअरच्या सर्व्हिसेसचा (एकमेकांना कॉल करणाऱ्या भागांचा) डायग्राम नीट असला की सिस्टीम कळते, पण डायग्राम फक्त कोण कुणाला कॉल करू शकतं तेवढंच सांगतो, प्रत्यक्षात किती वेळा करतंय ते नाही ना. गूगलने २०१० मध्ये डॅपरचा, म्हणजे रिक्वेस्ट कुठून कुठे गेली ते नोंदवणाऱ्या त्यांच्या ट्रेसिंग सिस्टीमचा, पेपर काढला त्यात यावरच उपाय आहे, रिक्वेस्टला ट्रेस आयडी (ओळखक्रमांक) चिकटवायचा आणि पुढच्या सगळ्या सर्व्हिसेसमधून तो पास करत न्यायचा. सगळ्या रिक्वेस्ट पकडायच्याच नाहीत, साधारण १०२४ मधली एक, तरी पुरायचं! रिट्रायचा (फेल झालेला कॉल पुन्हा करण्याचा) गुणाकार तर यातच दिसतो, एकाखाली एक तीन थरांनी प्रत्येकी ३ प्रयत्न केले की खाली डेटाबेसवर २७ हिट्स, डायग्रामवर बाण मात्र एकच. असं ट्रेसिंग करायचं ओपनटेलिमेट्री हे टूल फुकट आहे, लावून बघा, फक्त मेसेज क्यूपाशी (सर्व्हिसेसमधले मेसेज रांगेत थांबतात तिथे) आयडी हरवत नाही ना ते आधी तपासा.