टार्गेटसाठी शिकारीचं कंपाऊंड: पैसे वाचतात की पाण्यात जातात?

पार्लेकर५०मी

मुंबईत कंपाऊंड, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं धनुष्य, शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो: परदेशातून वापरलेलं शिकारीचं धनुष्य मागवा, कमी पैशात काम भागतं. माझं ठाम मत आहे की भागत नाही. इथे शिकार करायचीच नाहीये, प्रत्येक बाण टार्गेटवरच जाणार आहे. मग टार्गेटसाठी बनवलेलंच धनुष्य घ्या.

शिकारीचं धनुष्य मचाणावर, झाडीत वळवता यावं म्हणून आखूड बनवतात. वरच्या कॅमच्या आसापासून खालच्या कॅमच्या आसापर्यंतची लांबी, म्हणजे एटीए, साधारण २८ ते ३३ इंच. टार्गेटच्या धनुष्याची ३६ ते ४०. आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन अरुंद होतो, दोरी चेहऱ्यापासून दूर जाते आणि पीप, म्हणजे दोरीतलं बघायचं भोक, डोळ्यापासून लांब राहतो. मुलगा काय करतो? मान पुढे काढतो. दर बाणाला मान तेवढीच पुढे येईल याची काही खात्री नाही.

याची किंमत किती ते बघा. ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचा फेस, म्हणजे टार्गेटचा कागद, त्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर. पीप ते साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) अंतर ८० सेंटिमीटर धरलं, तर डोळा पीपच्या मध्यापासून ०.६४ मिलिमीटर सरकल्यावर बाण ४ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे मधोमध लागणारा बाण थेट दहाच्या रेघेवर. अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात मान पुढे काढायची सवय परवडत नाही.

हार्बरलाइन

दादा, गणित बरोबर आहे, पण एटीएचा आकडा एकटा घेऊन चालत नाही. आताच्या धनुष्यांचे कॅम मोठे असतात. पूर्ण ओढल्यावर कॅम फिरतो आणि दोरी आसापासून न सुटता कॅमच्या कडेवरून सुटते. त्यामुळे मोठ्या कॅमच्या ३३ इंची धनुष्याचा कोन लहान कॅमच्या जुन्या ३५-३६ इंचीच्या जवळ जातो. कागदावरचा आकडा वेगळा, डोळ्यासमोरचा कोन जवळजवळ तोच.

आणि ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते माप, कुठे गेली? दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ६५ इंच आले तर ड्रॉ २६. बारा-तेरा वर्षांच्या बहुतेक मुलामुलींचा एवढाच किंवा याहून कमी येतो. २६ इंच ड्रॉला ३३ इंची धनुष्याचा कोन छान मोकळा असतो. अशा मुलीच्या हातात ४० इंची, सव्वादोन किलोचं धनुष्य दिलं, वर पुढचा ३० इंची स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा रॉड) लावला, की चौथ्या फेरीपासून डावा खांदा वर चढायला लागतो. शिकारीचं धनुष्य पावणेदोन-दोन किलोत बसतं.

प्रवासाचंही बोला. ३८ इंची धनुष्याची पेटी कॅम धरून साडेतीन फुटांच्या वर जाते. संध्याकाळी दादरला ती घेऊन डब्यात शिरून दाखवा.

पार्लेकर५०मी

२६ इंच ड्रॉपर्यंत तुमचं म्हणणं मान्य. पण मुलं वाढतात. दोन वर्षांत ड्रॉ २८ वर गेला की तेच ३१-३२ इंची धनुष्य डोळ्यासमोर चिमटतं.

आणि नुसता कोन नाही. शिकारीच्या धनुष्याची ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर, ६ इंचांच्या आसपास, टार्गेटची ७ ते ८. ड्रॉ तोच ठेवून ब्रेस साडेसातऐवजी ६ असेल तर दोरी बाणाला दीड इंच जादा ढकलते. त्या जादा दीड इंचात मुठीचा पीळ बाणात उतरतो.

तिसरी गोष्ट लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर जोर जेवढा कमी होतो तो. शिकाऱ्याला जनावर वळेपर्यंत ताणून थांबायचं असतं, म्हणून ८५ टक्के. ओढायला ५० पाउंड लागणाऱ्या धनुष्यात मग बोटांवर फक्त साडेसात पाउंड उरतात. ७० टक्क्यांना १५ उरतात. साडेसात पाउंडांवर पाठीचे स्नायू सैल पडतात, साइट टार्गेटवर भटकते आणि दोरी सोडायच्या यंत्राचा ट्रिगर दाबायचा मोह होतो. १५ पाउंडांवर पाठ कामाला लागते, बाण ओढत ओढत सुटतो.

ठाणेकर_रिलीज

लेट-ऑफबद्दल एक भर. बऱ्याच शिकारी धनुष्यांवर ड्रॉ-स्टॉपची (ओढ थांबवणाऱ्या खुंटीची) जागा किंवा कॅमवरचं मॉड्यूल बदलून लेट-ऑफ खाली आणता येतो. विकणाऱ्याला आधी विचारा की मॉड्यूल सोबत आहे का आणि कोणत्या ड्रॉचं. काही मॉडेलना ड्रॉ बदलायला अख्खा कॅमच बदलावा लागतो. तो कॅम बनायचा बंद झाला असेल तर स्वस्तातलं धनुष्य भिंतीवर टांगायचं.

६ इंच ब्रेसला मी मात्र एवढा दोष देणार नाही. पीळ पडतो तो मुठीमुळे. मूठ आवळायची नाही, ग्रिप अंगठ्याखालच्या उंचवट्यावर टेकवायची आणि बाकी बोटं सैल सोडायची. हे ज्याला जमत नाही त्याचे बाण ८ इंच ब्रेसलाही डावीउजवीकडे जातात.

लिंबबोल्ट

स्पर्धेचं कोणीच बोललं नाही, आणि तिथेच हे सगळं अडतं. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाऊंडचं ओढायचं वजन कमाल ६० पाउंड. बाहेरून येणारी शिकारी धनुष्यं बहुतेक ७० पाउंडांच्या लिंबची (म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या हातांची) असतात. लिंब बोल्ट एक फेरा सैल केला की साधारण २ ते ३ पाउंड कमी होतात, पण कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांच्या पुढे जायचं नाही, बोल्ट निसटला तर लिंब अंगावर येते. वरचे आणि खालचे फेरे अगदी सारखे मोजा. सगळं सैल करून ७० चं धनुष्य जेमतेम ६० वर येतं, आणि तपासणीत काटा साठच्या वर अर्धा पाउंड जरी गेला तरी बाहेर. चौदा वर्षांच्या मुलाने ६० ओढायचं का, हा आणखी वेगळा प्रश्न.

झाडापानांच्या कॅमो छापाचं धनुष्यही तिथे चालत नाही. वापरलेली शिकारी धनुष्यं निम्मी त्याच रंगात येतात.

वेगाच्या आकड्यालाही भुलू नका. जाहिरातीतले ३४० फूट प्रतिसेकंद हे ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेन वजनाच्या बाणावर मोजलेले. २७० ने सुटलेला बाण ५० मीटर ०.६१ सेकंदात जातो, ३०० ने सुटलेला ०.५५ मध्ये. अंतर ठरलेलं असताना त्या सहा शतांश सेकंदांसाठी रागीट कॅम कशाला हवा? शिकाऱ्याला अंतर अंदाजाने ठरवावं लागतं, त्याला वेग हवा.

२०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० केले. पंधराच्या पंधरा बाण त्या ८ सेंटिमीटरात. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र दुहेरी आली आहे. आपल्या मुलांपुढचं माप आता हे आहे.

हार्बरलाइन

माप कबूल. पण सगळी मुलं तिथे जायला येत नाहीत. १८ मीटर इनडोअर, शनिवार-रविवारी सराव, यासाठी ३३-३४ इंची, ५० पाउंड लिंबचं, काळ्या किंवा साध्या रंगाचं धनुष्य पुरतं. 'शिकारी' या शिक्क्यावरून नाकारू नका, मापावरून नाकारा. शिकारीची पाच पिनची साइट काढून एका पिनची लावा, ८ इंची स्टॅबिलायझरच्या जागी लांब रॉड लावा. बोल्टचे आटे बहुतेक एकाच मापाचे असतात.

गोराई_आर्चर

पाकिटात ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची पातीदार टोकं, आले असतील तर ते बाजूला ठेवून द्या. पात्यांनी बट्रेस (टार्गेटमागची बाण झेलणारी गादी) फाटतो, रेंजवर कोणी लावू देत नाही. फील्ड पॉइंट, म्हणजे साधी टोकं, घ्या. बाण हलकाही नको: धनुष्याच्या दर पाउंडाला किमान ५ ग्रेन, म्हणजे ५० पाउंडाला २५० ग्रेनच्या खाली नाही. त्याहून हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखंच, लिंब तडकतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेला आहे. लेखी परवानगीशिवाय तो घेऊन उद्यानात जाता येत नाही, मग धनुष्य टार्गेटचं असो की शिकारीचं. आणि सोसायटीच्या गच्चीवर सराव नकोच. चुकलेला बाण दोनशे मीटरच्या पुढे सहज जातो. समोरच्या इमारतीत माणसं राहतात.

ठाणेकर_रिलीज

मुंबईत आणखी एक अडचण म्हणजे प्रेस, दोरी बदलताना लिंब दाबून धरणारं यंत्र. शिकारी धनुष्याच्या लिंब जवळजवळ समांतर असतात. त्यांना लिंबच्या टोकांना पकडणाऱ्या बोटांचा प्रेस लागतो. लिंबच्या मध्यावर जोर देणाऱ्या जुन्या प्रेसमध्ये घातलं तर लिंब तडकते. दोरी बदलायची वेळ आली की जवळपास कोणाकडे तसा प्रेस आहे, हे विकत घ्यायच्या आधी विचारा.

पावसाळ्यात दमट हवेने बोल्ट आणि कॅमचे बेअरिंग गंजतात. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून मगच पेटीत ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत अजिबात नको. दोरी ताणली जाते, पीप फिरतो, टायमिंग जातं. टायमिंग बघायला हळू ओढा आणि दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा: दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक मागे राहिला तर केबलला (कॅम जोडणाऱ्या दोरीला) अर्धा अर्धा पीळ देत किंवा काढत जुळवायचं.

पार्लेकर५०मी

मग वापरलेलं घेणाऱ्यांसाठी एवढं तरी करा. कापसाचा बोळा दोन्ही लिंबवरून, कडांवरून सावकाश फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तंतू उचललेला आहे, ते धनुष्य घ्यायचं नाही. कॅमच्या सपाट बाजूला बाण टेकवून दोरीशी तुलना करा, बाण तिरका गेला तर कॅम कलला आहे. दोरीवरचं सर्व्हिंग (गुंडाळलेला धागा) नॉकपाशी, म्हणजे बाण अडकवतात तिथे, सुटलं असेल तर नव्या दोरीचे पैसे किमतीतून वजा करा. शेवटी मुलाला पूर्ण ओढायला लावा, बाण लावूनच, बट्रेससमोर, प्रशिक्षक शेजारी उभे असताना. मान सरळ ठेवून दोरी नाकाच्या टोकाला टेकते का ते बाजूने बघा. टेकली तर हार्बरलाइन म्हणतात ते धनुष्य खुशाल घ्या. नाही टेकली तर पैसे साठवा, सहा महिने क्लबच्या धनुष्यावर शिकवा आणि मग ३७ इंची घ्या.